रुपयाला आणा

गेल्या महिन्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक एकदाची रिकामी केली. तळाशी आजीच्या खानावळीची वही निघाली. लाल कापडी बांधणीची, लांबट, वाण्याच्या दुकानात असते तशी. आजीला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे अक्षर बाबांचं आहे, वय वर्षं अकरा. आजी रात्री भांडी घासून झाली की बोलायची आणि बाबा लिहायचे, हे ऐकून माहीत होतं. वही पहिल्यांदाच पाहिली.

१९५६ ते १९५८ अशी दोन-अडीच वर्षांची नोंद आहे. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत घरातली सहा माणसं, शिवाय दोन्ही वेळ जेवायला येणारे अकरा गडी. बहुतेक सगळे राजापूरकडचे आणि गिरणीत कामाला. कुणी साचेखात्यात, कुणी त्रासनात, दोघं बदलीवाले. १ एप्रिल १९५७ च्या पानावर बाबांनी वर मोठ्या अक्षरात ‘आजपासून नवे पैसे’ असं लिहून खाली कोष्टक मांडलंय. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे म्हणजे पंचवीस. शाळेत शिकवलं असणार. त्या पानानंतर मीठ-मिरचीपासून सगळं नव्या पैशांत आहे. एकच ओळ मात्र पुढे वर्षभर जुन्याच भाषेत येत राहते: ‘व्याज, रुपयाला आणा.’

रुपयाला महिन्याला एक आणा. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला पंचाहत्तर. हा आकडा काढला आणि मग वही बाजूला ठेवून जुने अहवाल वाचत बसलो. रविवार त्यातच गेला. (बायकोने दोनदा विचारलं, ट्रंक आवरायला काढली होती ना?)

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये गिरणगावातल्या कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. फिंडले शिरास हे त्याचे संचालक. २,४७३ कुटुंबं आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष यांचा महिन्याचा हिशेब त्यांनी गोळा केला. खर्चातला ५६.८ टक्के भाग खाण्यावर, ७.४ टक्के सरपण आणि दिवाबत्तीवर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के भाड्यावर आणि उरलेला इतर गोष्टींवर. ९७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. धान्य किती खातात तेही त्यांनी मोजलं. ते दुष्काळी कामांच्या नियमांत जास्तीत जास्त जेवढं धरलेलं असतं साधारण तेवढंच भरलं, आणि तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढं ठरवलेलं होतं त्यापेक्षा कमी. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

याच पाहणीत ४७ टक्के कुटुंबं कर्जात सापडली. कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढं. आता ढोबळ हिशेब करून बघा. अडीच महिन्यांच्या मिळकतीवर रुपयाला आणा म्हणजे दरमहा मिळकतीच्या साडेपंधरा टक्के नुसतं व्याज. खोलीच्या भाड्याच्या दुप्पट! सरपण आणि रॉकेल पूर्ण बंद केलं, म्हणजे शिजवलंच नाही आणि दिवाच लावला नाही, तरी त्या व्याजाचा निम्मा भागसुद्धा निघत नाही. सगळं कर्ज याच दराचं नसेल हे मान्य. पण आजीची काटकसर या हिशेबाशेजारी ठेवली की घशात काहीतरी अडकतं.

कारण काटकसरीत ती कुठे कमी पडली असं वहीत तरी दिसत नाही. वखारीतून भुसा आणायचा, शेगडीत मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची. भुशाची शेगडी. ती एकदा पेटली की तासन् तास चालते. कोळशाची भुकटी मातीत कालवून गोळे करून वाळवायचे. चहाचा चोथा सकाळचा दुपारी. गावाहून एसटीने येणारे तांदूळ आणि कुळीथ. सुकटीच्या वाट्याला चार आणे, खोबऱ्याला दोन. भाताची पेज मुलांना. जुनं लुगडं आधी गोधडीत आणि गोधडीतूनही उरलं तर बोहारणीला. आमच्या घरात अजूनही तेलाची पिशवी कापून उलटी टांगतात, ते कुठून आलं ते आता कळलं.

मग कर्ज का? आमच्या लहानपणी ऐकलेलं उत्तर ठरलेलं असायचं: लग्नं, बारसं, गणपती, दारू. विलायती साहेबही बराच काळ हेच लिहीत. लग्नाचा खर्च होताच, नाही असं नाही. पण वहीत मला दुसरंच दिसलं. पगाराची तारीख.

गिरणीत पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमाराला, अशी जुनी रीत होती. एक तारखेला कामाला लागलेल्या माणसाला पहिला पैसा दीड महिन्याने दिसायचा. तोवर जेवायचं काय? वाण्याकडे उधारी आणि खानावळीत उधारी. पहिला पगार आला तो मागच्या उधारीत, की पुन्हा पुढची उधारी. एकदा दीड महिना मागे पडलेला माणूस जन्मभर मागेच. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने (आपले ना. म. जोशी त्याचे एक सदस्य) १९३१ च्या अहवालात म्हटलं, की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. वसुलीसाठी कारखान्याच्या दाराशी घेराव घालणं हा गुन्हा ठरवा, अशीही शिफारस त्यांनी केली. १९३६ च्या वेतन कायद्याने तारीख बांधून दिली: हजाराहून कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत, नाहीतर दहाच्या आत. आजीच्या वहीत वसुलीच्या सगळ्या नोंदी दहा, अकरा, बारा तारखेच्या आहेत. तारीख बांधली गेली, पण महिनाभर थांबणं राहिलंच.

आणि थांबायचं कोणी? गडी थांबत नव्हते, ते दोन्ही वेळ जेवत होते. थांबत होती आजी. वाणी तिला पंधरा दिवस थांबायचा, त्यापुढे नाही. मधले दिवस भरून काढायला ती रुपयाला आणा देऊन पैसे आणायची. म्हणजे गिरणीमालक महिन्याचे श्रम आधी घेऊन पैसे नंतर द्यायचा, आणि त्या उधारीचं व्याज लालबागच्या खोलीतली एक बाई भरायची. गिरणीच्या कुठल्याही ताळेबंदात हे सापडणार नाही. बाबांच्या अक्षरात मात्र महिन्यामागून महिना आहे.

सावकार म्हटलं की गिरणगावात पठाण आठवतो. दंडुका घेऊन गेटवर उभा. घरी त्याच्या गोष्टी मुलांना भीती घालायला सांगत. पण कर्ज देणारे जॉबर होते, वाणी होते, दागिना ठेवून घेणारे पेढीवाले होते, थोडे पैसे जमलेले सोबतचे कामगारसुद्धा होते. पठाण डोळ्यांवर यायचा, कारण तो परका आणि तारण न घेता देणारा. ज्याला कुणीच देत नव्हतं त्याला तो द्यायचा, आणि त्याची किंमत लावायचा. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाने कर्जं फुगली होती. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईत दंगल पेटली ती मुलं पळवण्याच्या अफवेवरून, आणि पहिले बळी पठाण. त्यात कर्जाचा राग किती होता हे मोजून सांगता येणार नाही. पण नव्हता असं मला वाटत नाही.

थोडं विषयांतर. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, की एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. रुपयाला आणा दराने व्याज मुद्दलाइतकं व्हायला बरोबर सोळा महिने लागतात. पण व्याज दरमहा चुकतं घेतलं की ते साचतच नाही, मग नियम लागणार कुठे? मुद्दल तसंच, व्याज चालू. १९४६ च्या सावकारी कायद्याने परवाना आणला, दरावर मर्यादा आणली. वही त्यानंतर दहा वर्षांची आहे. असो.

खानावळवाल्या बायकांना बँकेची दारं उघडायला आणखी बराच काळ लागला. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना गटाच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळू लागलं. आजीची खानावळ तोवर बंद झाली होती. आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा बाकीच्यांच्या खानावळीतली ताटंच उठली. शेजारच्या काकूंकडची नाव घातलेली पितळेची भांडी एकेक करून जाताना बाबांनी पाहिली होती. ते त्याबद्दल फार बोलायचे नाहीत.

वहीच्या मागच्या बाजूला गहाणाच्या नोंदी आहेत. जून १९५६: ‘पाटल्या २, पेढीवर, रु. १५०.’ पावसाळा, शाळेची फी, आणि गावी गेलेला एक गडी एकोणीस रुपये बुडवून परत न आलेला. त्याचं नाव बाबांनी आधी खोडलंय आणि मग कुणाच्या तरी सांगण्यावरून पुन्हा लिहिलंय. पुढे दरमहा व्याज. दिवाळीत, बहुधा बोनसनंतर गड्यांनी बाकी फेडली तेव्हा: ‘पाटली १ सोडवली.’ दुसरीची नोंद मी शेवटच्या पानापर्यंत शोधली.

काल आत्याला फोन केला. लग्नात तिच्या हातात आजीची पाटली होती हे मला फोटोवरून माहीत होतं. तिला विचारलं, दुसरीचं काय झालं? ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, “दुसरी होती?”