चुलीपाशीचा जीव

आमच्या बेळगाव भागातल्या जुन्या जैन घरांत चूल नुसती पेटवत नसत. चूल, जातं, उखळ, केरसुणी आणि पाण्याची घागर या गृहस्थाच्या घरात हिंसा घडण्याच्या पाच जागा. शास्त्रात त्यांना पंचसूना म्हणतात. म्हणून आधी चूल हलक्या हातानं झाडायची, राख काढायची, लाकडं-शेणी आपटून निरखून घ्यायच्या. सूर्यास्ताआधी स्वयंपाक आटोपून विस्तव शांत करायचा. किड्या-मुंग्यांसाठी पाळलेल्या या नियमांनी घरंही आगीपासून जपली.

पण एक जीव मोजायचा राहूनच गेला, फुंकणी फुंकणारी बाई! धूर तिच्या डोळ्यांत, तिच्याच छातीत. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल आखली आणि १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तक काढलं. चूल मातीचीच, फक्त धुराला बाहेर जायला वाट दिलेली. मला वाटतं, हीसुद्धा जीवदयाच.

आता गॅस आला, तरी अंघोळीच्या पाण्याला किंवा सणासुदीला कुठंकुठं चूल पेटतेच. तेव्हा बायांनो, लाकूड निरखून घ्या तसं वाळकंही बघून घ्या, खिडकी उघडा, धुराड्यातली काजळी काढा. आपणही जीवच आहोत की!