रंगाचा रकाना



मंडळाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचं काम यंदा माझ्याकडे आलंय. मुलींच्या फॉर्मवर उंची आणि शिक्षण यांच्या मधोमध एक रकाना आहे, ‘रंग’. मुलांच्या फॉर्मवर तो नाही. जुनी पुस्तिका काढून ओळीनं तपासली (बी.कॉम.ची खोड!). एकाही मुलीपुढे ‘सावळी’ लिहिलेलं नाही. सगळ्या गोऱ्या, नाहीतर गव्हाळ.

मला आमच्या वाड्यातला टीव्ही आठवला. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि सिंहगडावरून पुण्यात दिसू लागलं ते १९७३ साली. मालकांच्या ओट्यावर आम्ही पंचवीस-तीस जण दाटीवाटीनं बसायचो. मराठी बातम्या द्यायला स्मिता पाटील यायची. आपल्या पुण्याचीच मुलगी, जन्म १९५५चा. जीन्सवरच साडी नेसून बातम्यांना बसायची, हे पुढे वाचलं. कृष्णधवल पडद्यावरही तिचा सावळा रंग लपत नसे. माझी आजी म्हणायची, “पोरगी काळी आहे, पण डोळे बघा!” आजीचा तो ‘पण’ मी आयुष्यभर ऐकत आलेय.

बातम्यांमुळेच श्याम बेनेगलांचं तिच्याकडे लक्ष गेलं. मग ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’. मराठीत ‘जैत रे जैत’ आणि १९८२चा ‘उंबरठा’. दोनदा राष्ट्रीय पुरस्कार. १९८६च्या डिसेंबरात ती गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

तिचा पहिला बोलबाला झाला ते साल १९७५. त्याच साली हिंदुस्थान लिव्हरनं ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली, आणि १९७६पासून दूरदर्शन जाहिराती घेऊ लागलं. पडद्यावर एक सावळी मुलगी चमकत होती, आणि त्याच सुमाराला सावळेपणा हा दोष आहे, पण त्यावर उपाय मिळतो, असं सांगणाऱ्यांचं दुकान मांडलं जात होतं. दोष त्यांनी निर्माण केला नाही, तो आजीच्या ‘पण’मध्ये होताच. त्यांनी त्याची ट्यूब भरली आणि किंमत लावली.

१९८२ला टीव्ही रंगीत झाला. पुढे ती विमानसुंदरीची जाहिरात तुम्हाला आठवत असेल. मुलगा असता तर बरं झालं असतं म्हणणारा बाप, आणि क्रीम लावून गोरी झाल्यावर नोकरी मिळवणारी मुलगी. महिला संघटनांनी तक्रारी केल्या, २००३ साली ती बंद झाली. सावळ्या माणसाला दुःखी किंवा कमी दाखवू नका, हा जाहिरातींचा नियम यायला मात्र २०१४ उजाडलं. क्रीमच्या नावातलं ‘फेअर’ निघालं २०२० साली. ट्यूब अजून मिळते.

आणि आपली ‘रंग माझा वेगळा’? २०१९ला सुरू झाली, मी एकही भाग चुकवला नाही. सावळी म्हणून सासूच्या मनातून उतरलेली दीपा. पण भूमिका उजळ रंगाच्या रेश्मा शिंदेला दिली, रोज सावळा मेकअप करून. काम तिनं छानच केलं, त्याबद्दल वाद नाही. पण सावळेपणाच्याच कथेत सावळ्या नटीला जागा मिळू नये? स्मिताला टीव्हीनं बातम्यांना बसवल्याला तोवर पंचेचाळीसएक वर्षं झाली होती.

टीव्हीला बोलणं सोपं आहे. माझ्या लेकीचा फोटो मी स्वतः स्टुडिओत उजळ करून घेतला होता. फॉर्मवर ‘गव्हाळ’ माझ्याच अक्षरात आहे. ती तेव्हा काही बोलली नाही. परवा तिच्या मुलीनं अल्बममध्ये तो फोटो बघून विचारलं, “ही कोण?” लेक म्हणाली, “आजीला हवी होती ती मुलगी.” सगळे हसले. मीही हसले, आणि चहा टाकायला म्हणून उठले.

राजुलमती ज्यांच्यासाठी नटून बसली, त्या नेमिनाथ भगवानांचा वर्ण श्याम. गाभाऱ्यातल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीपुढे आपण डोळे मिटून उभ्या राहतो आणि घरी येऊन नातवासाठी ‘गोरीच हवी’ म्हणतो.

फॉर्म छपाईला जायचाय. ‘रंग’ मी पेन्सिलीनं खोडलाय. दोघींनी फोन करून सांगितलं, “असू दे ना, लोक विचारतातच.” रविवारी बैठक आहे.