पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा इतिहास

बीड शहराजवळ, बिंदुसरा धरणाच्या परिसरात पाली हे गाव आहे. अशा कोणत्याही गावात कुणाला कुत्रे चावले, की जुनी माणसे म्हणतात, "आता पोटात चौदा इंजेक्शने!" ही इंजेक्शने आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. त्यांची भीती मात्र उरली. त्या भीतीपायी दवाखाना टाळून जखमेत तिखट किंवा चुना भरला, तर जीवच जाऊ शकतो. म्हणून ही इंजेक्शने कुठून आली आणि का गेली, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

रेबीजला आपल्याकडे अलर्क म्हणत. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून त्याचा विषाणू जखमेत शिरतो आणि चेतातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. ती दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण मधल्या काळात लस दिली, तर विषाणू मेंदूत पोचण्याआधी शरीर प्रतिपिंडे तयार करू शकते. चावल्यानंतरही लस उपयोगी पडते, ती यामुळे.

लुई पाश्चर यांनी याचाच फायदा घेतला. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर पॅरिसमध्ये उपचार सुरू झाले. रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवला की विषाणू क्षीण होतो. त्यापासून केलेली लस त्याला तेरा वेळा टोचली आणि मुलगा वाचला. पण ही लस रोज ताजी करावी लागे, त्यामुळे रोग्याला संस्थेपर्यंत जावे लागे. भारतातून गोऱ्या सैनिकांना उपचारासाठी थेट पॅरिसला पाठवीत. १९०० साली हिमालयातल्या कसौलीला भारतातली पहिली पाश्चर संस्था निघाली. तरी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कसौली काय आणि पॅरिस काय, सारखेच दूर!

हे अंतर डेव्हिड सेंपल यांनी कमी केले. १९११ मध्ये कसौलीलाच त्यांनी मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवला आणि तो कार्बॉलिक आम्लाने मारून लस केली. ही लस बाटलीत भरून दूरच्या रुग्णालयांत पाठवता येई. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही अशी लस तयार होऊ लागली. मात्र ती दुबळी असल्याने मोठी मात्रा, जखमेच्या गंभीरतेनुसार सात ते चौदा दिवस द्यावी लागे. एवढ्या द्रवाला पोटाच्या कातडीखाली जागा मिळते, म्हणून पोट निवडले गेले.

तिचा खरा दोष वेगळा होता. लशीतल्या मेंदूच्या अंशामुळे काहींचे शरीर स्वतःच्याच चेतासंस्थेवर हल्ला करी आणि पक्षाघात होई. पुढे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर विषाणू वाढवता आला, तेव्हा मेंदूची गरजच उरली नाही. १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी जुनी लस बंद करण्याची शिफारस केली. आपल्याकडे ते व्हायला आणखी वीस वर्षे लागली.

आजची लस दंडात स्नायूमध्ये देतात. २००६ पासून भारतात ती कातडीतही देता येते: दरवेळी दोन जागी ०.१ मिलिलिटर, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर तिच्यात तयार प्रतिपिंडेही सोडतात. त्याआधी घरीच साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली जखम धुवावी. विषाणूचे बाह्य आवरण मेदाचे असते आणि साबणाने ते विरघळते.

माणसाला वाचवणे हा अर्धा भाग झाला. रोगाचा साठा कुत्र्यांत असतो. १८३२ साली भटकी कुत्री मारण्यावरून मुंबईत दंगल झाली होती. पुढेही मारणे चालूच राहिले, पण कुत्री संपली नाहीत. गोव्यात २०१३ पासून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली. २०१८ आणि २०१९ मध्ये तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, की रोगाची साखळी तुटते.

शिक्षकांनी मुलांना एक काम द्यावे. घरच्या वडीलधाऱ्यांना चौदा इंजेक्शनांची आठवण विचारायची, आणि ती आता नाहीत, हेही सांगून यायचे.