नागरिक आधी कुठे शिकला?

नागरिकशास्त्र हा विषय स्वातंत्र्याबरोबर आला, असं आपण धरून चालतो. तसं नाही. मुंबई इलाख्यात अधिकारी राहिलेल्या विल्यम ली-वॉर्नर यांचं ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ १८९७ सालचं. नाव नागरिकाचं, धडे मात्र राजनिष्ठ प्रजेसाठी!

१९५० साली राज्यघटना लागू झाली आणि प्रत्येक प्रौढाला मताचा हक्क मिळाला. बहुसंख्य निरक्षर. तेव्हा पहिला धडा शिकवला तो शाळेनं नव्हे, मतदारयादीनं. उत्तरेकडच्या राज्यांत कर्मचारी दारात आले, तर कित्येक बायका स्वतःचं नावच सांगेनात; अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. अशा नोंदी निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी काढायला लावल्या. सुमारे २८ लाख स्त्रियांचं पहिलं मत गेलं. निर्णय कठोर, आम्हाला तो पटायला बरीच वर्षं लागली. पण बघा, सरकारनं बाईला तिचंच नाव विचारलं, हे त्याआधी कधी घडलं होतं?

आणि शाळा? मुदलियार आयोगानं १९५३ मध्ये लोकशाही नागरिकत्व हे माध्यमिक शिक्षणाचं उद्दिष्ट मानलं, स्वतंत्र विचारावर भर दिला. वर्गात आम्ही राष्ट्रपतींचे अधिकार पाठ करत होतो.