अंगावरचं पांढरं आणि ती एक गोळी

अंगावरून पांढरं जाणं, खाज, आग हे सगळं ‘बाईच्या जातीला असायचंच’ म्हणत आपल्या आज्या-आया सोसत आल्या. हे दुखणं केवढं मोठं आहे, ते गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी मोजून दाखवलं. दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी झाली. शंभरातल्या 92 जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त 8. 1989 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

या आजारांतला एक बुरशीचा, कॅन्डिडाचा. फुटक्या दह्यासारखं पांढरं जातं, खूप खाज सुटते. माणसाला सोसेल असं बुरशीवरचं पहिलं अँटिबायोटिक दोन बायांनीच शोधलं. अमेरिकेतल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन दोन वेगळ्या शहरांत काम करायच्या, नमुन्यांच्या बरण्या टपालाने जायच्या. 1950 मध्ये त्यांनी निस्टॅटिन जाहीर केलं.

1990 च्या सुमारास फ्लुकोनॅझोल आलं. 150 मिलिग्रॅमची एकच गोळी. सोय झाली, पण सवयही लागली: खाज सुटली की मेडिकलवरून गोळी आणायची, तपासणी नाहीच.

रावेर-यावलच्या केळीवाल्या मैत्रिणींना पुढचं लगेच कळेल. करप्यावर एकच औषध सारखं फवारलं की ते लागू पडेनासं होतं. करप्यावरचं प्रोपिकोनॅझोल आणि आपली ही गोळी एकाच कुळातली. अंगातही तसंच: नाजूक बुरशी मरते, चिवट उरते आणि वाढते. ती औषध पेशीबाहेर फेकून देते. कॅन्डिडा ग्लाब्राटा या जातीवर तर ही गोळी मुळातच कमी चालते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या घातक बुरशींच्या यादीत कॅन्डिडाच्या अनेक जाती आहेत.

मात्र त्रास परत आला म्हणजे गोळी हरलीच असं नाही. रक्तातली साखर वाढलेली असेल, दुसरं अँटिबायोटिक घेतलं असेल, किंवा आजार बुरशीचा नसेलच. वर्षात तीन-चार वेळा झालं, तर स्राव तपासून, बुरशीची जात ओळखूनच औषध घ्या. तेव्हा एक गोळी पुरत नाही, उपचार सहा महिनेही चालतो. गरोदर बाईने ही गोळी स्वतःहून घेऊच नये.

गडचिरोलीतलं दुखणं कळलं, कारण कोणी विचारलं आणि बायांनी सांगितलं. गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की हा विषय काढा. धुळ्याला, जळगावला सरकारी दवाखान्यात स्त्रीरोग विभाग आहे. एकटीला लाज वाटत असेल, तर दोघी-तिघी मिळून जा.