घाणा, ढेप आणि गावाचे आरोग्य

नाशिकजवळच्या त्रिरश्मी पर्वतावर, म्हणजे ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो तेथे, आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीतील एक शिलालेख आहे. काळ इसवी सनाचे तिसरे शतक. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने गोवर्धन येथील निरनिराळ्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली व तिच्या व्याजातून भिक्षुसंघातील आजाऱ्यांना औषधपाणी मिळावे अशी व्यवस्था केली, असे त्यात कोरलेले आहे. त्या श्रेणींत ‘तिलपिषक’ ही एक श्रेणी होती. तिलपिषक म्हणजे तीळ गाळणारे, अर्थात आपले पूर्वव्यावसायिक होत. सकाळी तेल्याचे तोंड पाहिल्यास दिवस वाईट जातो, अशी खुळी समजूत ज्या भूमीत पुढे रूढ झाली, त्याच भूमीत सतराशे वर्षांपूर्वी रुग्णांच्या औषधाचा पैसा तेल्यांच्या हाती निःशंकपणे सोपविला गेला होता, ही गोष्ट आपल्या मुलाबाळांना ठाऊक असावयास हवी.

हा विश्वास ज्या ज्ञानाच्या बळावर टिकला, त्याचे स्वरूप आपल्या यवतमाळ जिल्ह्यापुरते पाहू. १९०५ पूर्वी हा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. येथील काळ्या जमिनीत तीळ, जवस, करडई व एरंडी पिकावयाची आणि रानातून मोहाच्या व करंजाच्या बिया यावयाच्या. प्रत्येक बीचा स्वभाव वेगळा. घाण्यात बी भरडले जात असता त्यावर पाण्याचा हबका किती व केव्हा मारावा, म्हणजे तेल सुटे होईल, हे हाताच्या अंदाजानेच कळत असे. जवसाचे तेल हवेने लवकर घट्ट होते व खवटते, म्हणून ते थोडे थोडे व ताजेच गाळावयाचे. तेच तेल लाकडास लावले असता वाळून त्यावर टिकाऊ लेप बसतो. तिळाचे तेल खाण्यास व अंगास लावण्यास, एरंडेल पोट साफ होण्यास व गाडीच्या आसास, करंजाचे दिव्यास व खरजेस, अशी ही वाटणी होती.

परंतु तेलाहूनही महत्त्वाची गोष्ट पेंडीची, जिला आपण वऱ्हाडात ढेप म्हणतो. तीळ, जवस व करडई यांची ढेप गुरांना घालावयाची. एरंडीच्या ढेपेत विष असते. मोहाची व करंजाची ढेपही जनावरास बाधते. ती शेतात खत म्हणून टाकावयाची. कोणती ढेप गोठ्यात व कोणती वावरात, हा विवेक कोणत्याही प्रयोगशाळेने आपल्याला शिकविलेला नव्हता. शेतकरी आपले बी घेऊन येई व तेल घेऊन जाई. मजुरी बहुधा तेल, ढेप वा धान्य यांच्या रूपाने मिळे. बैलाच्या घाण्याच्या ढेपेत दहा टक्क्यांच्या आसपास तेल शिल्लक राहते. गिरणीवाल्यांनी यास नासाडी म्हटले. वास्तविक ते तेल गुरांच्या पोटी जाऊन दूध व शेण या रूपाने गावातच परत येत होते.

ही साखळी एकाएकी तुटली नाही. प्रथम घासलेट आले व दिव्याचे तेल गेले. नंतर तेलगिरण्या आल्या. १९३७ साली डालडा बाजारात आले आणि घरोघरी वनस्पती तूप शिरले. शेजारच्या वर्ध्यास १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत घाण्याच्या सुधारणेचे काम हाती घेतले व झवेरभाई पटेल यांनी सुधारलेला घाणा सिद्ध केला; तरी प्रवाह फिरला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विदर्भातील वावरे सोयाबीनने व्यापली. सोयाबीनमध्ये तेल सुमारे वीस टक्केच असल्याने ते घाण्यास परवडत नाही. ते कारखान्यात रसायनाच्या साहाय्याने काढतात आणि त्याची ढेप परदेशापर्यंत जाते. इकडे आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली आहे.

तेल कोणी व कशाचे गाळले हे न कळण्याची किंमत काय असते, ते १९९८ साली दिल्लीत दिसून आले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन साठांहून अधिक माणसे दगावली. घाण्यासमोर उभे राहून आपल्या बीचे तेल नेणाऱ्या गिऱ्हाइकास असे फसविणे सोपे नव्हते.

आज शहरांतून ‘लाकडी घाण्याचे तेल’ चढ्या भावाने विकले जाते. डॉक्टर जवस खाण्यास सांगतात आणि आपलीच मुले तो पुडीतून विकत आणतात. घाण्यास बैल एक जुंपावा की दोन, एवढ्यावरून एकबैले व दोनबैले असे भेद पाडून आपण पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक अडवून धरली. तो भेद सांभाळला, पण घाण्यामागची विद्या सांभाळली नाही, ही खेदाची बाब होय. चाकणच्या संताजी जगनाडे महाराजांनी घाण्याचा धंदा करीत असता तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवले. दरवर्षी ८ डिसेंबरला आपण त्यांची जयंती साजरी करतो. ज्या पुरुषाचे थोरपण लिहून ठेवण्यात होते, त्याच्या जयंतीस केवळ हारतुरे पुरेसे नाहीत.

यास्तव समाजबंधु-भगिनींना एवढीच विनंती आहे. ज्या घरात घाणा चालविलेले वृद्ध अद्याप हयात आहेत, तेथील तरुणांनी त्यांच्याजवळ बसून बियांची पारख, पाण्याचे प्रमाण, ढेपेचा उपयोग व घाण्याच्या प्रत्येक भागाचे नाव वहीत उतरवून घ्यावे. वावराच्या एका तासात का होईना, जवस पेरावा. बी हाती राहिले आणि विद्या वहीत राहिली, तर घाणा केव्हाही पुन्हा उभा करता येईल.