गोरोबाकाकांचे घर, तेर

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे स्मारक म्हणून जतन केलेले संतकवी गोरा कुंभार (परंपरेनुसार १२६७–१३१७) यांचे घर. तेरणा नदीकाठचे हे गाव धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारे २० किमी. अंतरावर आहे.

गोरोबा हे ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन. संतमंडळींत वयाने वडील म्हणून ते ‘काका’ झाले. त्यांच्या नावावरील अभंग थोडे, गाथेत जेमतेम विसाच्या आसपास. त्यामुळे त्यांचे चरित्र मुख्यतः इतर संतांच्या रचनांतून आणि महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) या ग्रंथातून कळते. त्यातले बहुतेक प्रसंग घरातले आणि अंगणातले आहेत. विठ्ठलाच्या नामात देहभान हरपून चिखल तुडवताना पायांखाली आलेले तान्हे मूल, पत्नीने घातलेली विठोबाची आण, पुढे तोडून घेतलेले हात या कथा कुंभाराच्या आव्याभोवतीच घडतात. थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांना कच्चे मडके ठरवल्याचा प्रसंगही एका परंपरेनुसार याच घरी घडला. त्यानंतर नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले.

हे घर गोरोबांचेच असल्याचा निःसंदिग्ध पुरावा येथे मागता येणार नाही. या भागातील जुनी घरे दगडमातीची, माळवदाची. असे बांधकाम सातशे वर्षे मूळ रूपात टिकणे कठीण. भिंती कितीदा नव्याने उभ्या राहिल्या असतील ते असो, जागेची ओळख गावाच्या आणि वारकऱ्यांच्या स्मृतीने सांभाळली आहे, आणि स्मारकाचे खरे मोल त्या सातत्यात आहे. गोरोबांची समाधी गावातच, तेरणेच्या काठी आहे. चैत्र वद्य त्रयोदशी ही समाधीची तिथी असून त्या सुमारास मोठी यात्रा भरते.

तेरची मातीकामाची परंपरा गोरोबांहून पुष्कळ जुनी आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर या बाजारपेठेचा उल्लेख येतो. ते तगर म्हणजे तेर, हे जे. एफ्. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. गावातील पांढरीच्या टेकाडांत सातवाहनकालीन खापरे आणि मातीच्या मूर्ती विपुल सापडतात. १९५८ मध्ये येथे बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात या वस्तूंबरोबर प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे. विटांनी बांधलेली त्रिविक्रम व उत्तरेश्वर ही प्राचीन मंदिरेही याच गावात आहेत.